आई नावाचा नंबर

"उजे, तो फोन घे आधी. माझं हात बग, चिकानं भरल्यात," आई म्हणाली.

आम्ही तिघी गच्चीवर होतो. आई पातेल्यातला गरम गरम चीक सोऱ्यात भरून देत होती आणि समोरच्या घरातली शालनकाकी ऊन वाढायच्या आत भराभर कुरडया घालत होती. मी माहेरपणाला आलेली, त्यामुळे माझ्याकडे कावळे हाकलायचं काम होतं आणि ते मला नीट जमत नाही म्हणून दोघींची बोलणी खायचं काम होतं. काकीच्या मते माझं लग्न झाल्यापासून मी आळशी झाले होते. आईच्या मते मी आधीपासूनच होते.

या दोघींचं सांगायचं तर, पाण्याच्या नळावरून, कोंबड्यांवरून, नाहीतर नुसतं कुणी कुणाला लग्नात आधी हाक मारली यावरून त्या भांडायच्या आणि आठ-आठ दिवस बोलायच्या नाहीत. पण एकीच्या कुरडया दुसरीशिवाय कधी झाल्या नाहीत. दोघींची पोरंही तशीच. माझा भाऊ अवधूत आणि काकीचा धनाजी एका वर्गात बसले, एकाच वर्षी नापास झाले आणि एकाच मालकाकडे गलाईला लागले. आमच्या विटा भागातली माणसं देशभर पसरलीत ती या धंद्यापायी. सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी वितळवायचं, ॲसिडात घालून शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. आधी अवधूत गेला, मग त्यानं धनाजीला बोलावून घेतलं. ते होते आंध्रातल्या एका गावी. त्या गावाचं नाव आईला शेवटपर्यंत घेता आलं नाही. ती नुसतं 'तिकडं खाली' म्हणायची.

मी फोन उचलला. नंबर अनोळखी होता.

"हॅलो, आई?" पलीकडून एक जाडाभरडा पुरुषी आवाज म्हणाला.

मला हसूच आलं. "कौन बोल रहा है?"

"आई है क्या? आई मतलब मदर, ना?"

त्या दिवसांत बँकेतून बोलतो म्हणून गंडा घालणाऱ्यांचे फोन फार यायचे. मी म्हटलं, घेऊ या जरा याची. "मैं आई की लडकी बोल रही हूँ. आपको क्या चाहिये?"

"पोलीस स्टेशन से बोल रहा हूँ." मग त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं. 'तिकडं खाली'चं नाव.

माझं हसू तोंडावरच राहिलं. तो मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता. सकाळी मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. पोराच्या खिशात कागदपत्र काही नव्हतं, नुसता मोबाइल होता. त्यात नावं बघताना एका नावावर त्याची नजर थांबली. आई. म्हणून त्यानं तो नंबर आपल्या फोनवरून लावला.

"कैसा मोबाइल?" मी विचारलं.

"काला है. कोने में काच टूटा. पीछे गणपती का स्टिकर है."

तो स्टिकर मी लावला होता. दिवाळीला अवधूत परत निघाला तेव्हा, त्याच्या हातातून फोन ओढून घेऊन. तो म्हणाला होता, ताई, हे बायकी दिसतं. मी म्हटलं होतं, राहू दे, देव काय बायकी असतो का!

"लडके का नाम बताओ."

"अवधूत," मी म्हटलं.

"पूरा नाम."

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यानं ते परत विचारलं. तो लिहून घेत होता, हे मला कळत होतं. मग तो म्हणाला, जागच्या जागी गेला, आप लोग आ जाओ. आणि मी त्याला 'थँक यू' म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. शाळेत शिकवलेलं तोंडात बसलेलं असतं, त्याला वेळकाळ समजत नाही.

"बँकेचा हुता का गं?" आईनं न बघताच विचारलं.

काकीनं मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातला सोऱ्या खाली ठेवला. "उजे, काय झालं?"

"आई," मी म्हटलं, "अवधूतचा तिकडं..."

वाक्य पुरं करायची वेळच आली नाही. आई उठायला गेली आणि उठता उठता तशीच खाली आली. काकीनं तिला मधल्या मधे धरलं नसतं तर तिचं डोकं कठड्यावर आपटलं असतं. आईच्या तोंडून आवाज फुटायला कितीतरी वेळ लागला. आणि फुटला तेव्हा तो माणसाचा वाटेना. खालून गल्लीतली माणसं जिना चढून वर आली ती त्या आवाजानं.

मी अवधूतचा नंबर लावत राहिले. एक बाई तेलुगूत काहीतरी सांगायची, मग तेच इंग्रजीत, की नंबर बंद आहे. मी परत लावायचे. ती बाई परत तेच सांगायची. मला त्या बाईचा इतका राग आला की विचारू नका. तिचा काय दोष होता? पण कुणाचा तरी राग यायला हवा होता.

अण्णा सूतगिरणीतून आले. माझे वडील मुळातच अबोल माणूस. आले आणि ओट्यावर बसले, पायातल्या चपला काढायच्याही राहून गेल्या. गलाईच्या दुकानाचे मालक जगन्नाथशेठ नेमके पुतण्याच्या लग्नासाठी गावी आलेले, ते धावत आले. त्यांचं दुकान या दोन पोरांवरच सोडलेलं होतं. त्यांनी तिकडच्या जवळपासच्या एका ओळखीच्या गलाईवाल्याला फोन करून सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं, पण तो माल घेऊन बाहेर पडलेला. संध्याकाळशिवाय त्याला पोचता येणार नव्हतं. तेवढं थांबायला कुणाला धीर होता? शेठनी आपली गाडी काढली. अण्णा, शेठ आणि माझा चुलतभाऊ असे तिघं निघाले. रात्रभराचा रस्ता. निघताना अण्णा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "आईला बघ." एवढंच.

आईला बघायला मी होते म्हणायचं, पण बघितलं सगळं काकीनं. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. काकीनं आधी गच्चीवरच्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. अर्ध्या घातलेल्या कुरडया तशाच राहिल्या. मग ती स्वतःच्या घरी गेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भाकरी थापायला बसली. पिठलं-भाकरीची टोपली आमच्याकडे पोचती करायची, आईजवळ बसायची, परत जाऊन भाकरी थापायची. मधेच येऊन माझ्या तोंडात घास कोंबला. "खा. तू पडलीस तर हिला कोन उचलंल?" तिचे डोळे रडून लाल झाले होते. अवधूत अर्धाअधिक तिच्याच घरात वाढला होता. तिची बोटं धरूनच तो चालायला शिकला असं ती नेहमी सांगायची, आणि आई नेहमी म्हणायची की खोटं हाय, माझी धरून शिकला.

दुपार कलल्यावर काकी माझ्याजवळ आली. "उजे, धनाजीला लाव की. त्येला सगळं ठावं असंल."

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. "पण त्याचा फोन कुठाय? ॲसिडात पडला ना त्याचा? तुम्ही दोघं अवधूतच्याच फोनवर बोलत होता की."

"न्हाई, कालच सांजच्याला आलाय की फोन. म्हनला, आई, आता माझ्या नंबरावर लाव, अवधूतच्या नगं. घेतला असंल एकादा."

मी लावला. रिंग वाजली. वाजत राहिली. कापायच्या बेतात असताना कुणीतरी उचलला.

"पोलीस स्टेशन."

"धनाजी है क्या वहाँ?"

"कौन? साब नही है अभी. बाद में करो." आणि फोन कट झाला.

"काय म्हनला?" काकीनं विचारलं.

"पोलिसानं उचलला."

काकीच्या चेहऱ्यावर किती वेळानं जरा जीव आल्यासारखा झाला. "मंजी त्यो तिथंच हाय. ठान्यात बसलाय. त्याचा फोन काढून घेतला असंल त्यांनी, पंचनामा-बिंचनामा करत्यात न्हवं?" ती तशीच उठून आईजवळ गेली, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "इंदूअक्का, ऐक. माझं पोरगं हाय त्येच्यापाशी. एकला न्हाई आपला अवधूत. धनाजी बसलाय जवळ."

आई तोवर नुसती पडून होती. तिनं डोळे उघडले आणि काकीकडे बघितलं. असं बघितलं की मला वाटलं ही तिला ओळखत नाही.

"दोघं हुती की गं तिथं," आई म्हणाली. "दोघं हुती. मग देवाला माझंच का दिसलं?"

खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघेनात. मला आईची लाज वाटली, आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम. एवढं ऐकून दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. एरवी यापेक्षा कितीतरी कमी बोलण्यावरून काकीनं महिना-महिना तोंड दाखवलं नव्हतं.

"व्हय गं बाई," काकी म्हणाली. "व्हय. तुजंच का?" आणि तिनं आपल्या पदरानं आईचं तोंड पुसलं.

दिवेलागणीच्या सुमाराला बायका पांगायला लागल्या होत्या. आईचा फोन माझ्याच हातात होता. दिवसभर नातेवाइकांना तेच ते सांगून माझा घसा बसला होता. फोन वाजला. मी बघितलं. पडद्यावर नाव होतं अवधूत.

पोलीस असणार, मी स्वतःला सांगितलं. त्याचा फोन त्यांच्याकडेच आहे. चालू केला असेल.

"हां, बोलिये," मी म्हटलं.

"बोलिये काय बोलिये? ताई, मी हाय! आवाज कसा येतोय, सांग आधी."

मी भिंतीला टेकले.

"ताई? ऐकू येतंय का? नवा फोन हाय, टच मोठा. पहिला फोन आईला लावायचा ठरवलं हुतं, तूच का उचलला? दे की तिला."

"कोण बोलतंय?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"अगं, अवधूत! माहेरला येऊन येड लागलं का तुला?"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आई धडपडत आली, तिनं माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि कानाला लावला. पलीकडून आवाज येत होता, आई, आई म्हणून.

"मुडद्या, कुठं हायस तू?" आई किंचाळली.

आमच्याकडे आया पोरांना लाडानं असंच म्हणतात. लहानपणापासून तिनं त्याला दुसरी हाक मारली असेल तर शपथ. पण त्या क्षणी आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतल्या, एकीमागून एक. मग रडता रडता हसायला लागली. "माझं पोरगं बोलतंय गं! शालन, अगं बोलतंय माझं पोरगं!"

काकी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन तशीच रस्ता ओलांडून आली होती. तिनं फोन ओढून आधी स्वतः ऐकला, खात्री करून घेतली, आणि असा हंबरडा फोडला की गल्लीला वाटलं आता आईला काहीतरी झालं. मग आमच्याच स्वयंपाकघरात घुसून तिनं साखरेचा डबा काढला. आईच्या तोंडात साखर, माझ्या तोंडात साखर, दारात जमलेल्या बायकांच्या तोंडात साखर. देव्हाऱ्यापुढे जाऊन डोकं टेकलं. "पावलास रं बाबा! माझ्या अक्काचं घर राखलंस!" पिठाचा हात कपाळाला लागून तिचं सगळं कपाळ पांढरं झालं होतं. त्या घरात त्या वेळी सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला होता असं मला विचाराल तर मी आईचं नाव घेणार नाही.

बायका बातमी सांगायला पळाल्या. फोन परत माझ्या हातात आला. पलीकडे अवधूत पुरता बावचळला होता. "ताई, काय चाललंय तिथं? कोन रडतंय? आईला काय झालंय का?"

मी फोन घेऊन मागच्या दारी गेले. मला हसू येत होतं. त्याला चार शिव्या द्यायच्या आणि मग सगळं सांगायचं, असं डोक्यात होतं. "तुझा फोन कुठं हरवलास रे? आमचा जीव घेतलास आज. चोरीला गेला होता का?"

"कसला?"

"जुना. गणपतीवाला."

"चोरीला कशाला जाईल? धनाजीला दिला की."

तो आपल्या नव्या फोनच्या खुशीत सांगत राहिला. "काल घेतला गं हा. जुनं कार्ड यात बसंना, मोठं हुतं ना ते. दुकानदारानं बारकं कार्ड दिलं आणि म्हनला, जुनं आता बंद हुईल, नवं उद्या सांजपतूर चालू हुईल. मग जुना फोन रिकामाच पडला. धन्याचा तर ॲसिडात गेलेला, कार्ड पाकिटात घालून फिरत हुता बिचारा. म्हनलं, घे, घाल यात तुझं कार्ड. लगी चालू झाला."

"आणि आपले नंबर?" मी विचारलं. "आईचा, माझा?"

"ते हाईत त्यातच. फोनमधी हुतं की, कार्डावर न्हवतं. आईचा नि धन्याचा मला पाठ हाय, बाकीचं ऱ्हाऊ दे म्हनलं, रविवारी बसून एकेक उतरवून घेतो."

आता नवा फोन घेतला की जुन्यातलं सगळं आपोआप तिकडं जातं म्हणे. तेव्हा कुठलं? तेव्हा कार्ड निघालं तरी नावं मागे फोनच्या पोटात बसून राहायची.

"धनाजीनं त्याच्या आईचा नंबर घातला नव्हता त्यात?"

"त्यो त्येला तोंडपाठ हाय. कशाला घालंल? ताई, तू असं का इचारतीस?"

म्हणजे त्या फोनमध्ये आई एकच होती. आमची.

"धनाजी कुठाय आता?" मी विचारलं.

"तेच तर बेनं सापडंना. सकाळी त्यानंच मला मोटारसायकलवरनं स्टँडवर सोडलं. मी माल पोचवाय शहरात गेलो हुतो. सांजच्याला न्यायला येतो म्हनला आणि आता बघ, कवापासनं उभा हाय मी स्टँडवर. मघाशी बूथवरनं फोन लावला तर उचलला न्हाई."

दुपारी मी लावलेला फोन मला आठवला. मी धनाजीला फोन लावला होता आणि तो वाजला होता त्याच गणपतीच्या स्टिकरवाल्या फोनवर, ज्याच्यात सकाळी त्या पोलिसानं आई शोधली होती. तोंडात अजून काकीनं घातलेली साखर होती.

"अवधूत," मी म्हटलं, "कुठंतरी खाली बस."

मी त्याला सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका, सरळ सांगितलं. मागे स्टँडवर कुणीतरी कर्ण्यावरून गाड्यांची नावं घेत होतं, ती तेवढी ऐकू येत राहिली. मग तो म्हणाला, "मला सोडून परत जाताना?" मी म्हटलं, हो. तो परत म्हणाला, "मला सोडून परत जाताना, ताई?" मी त्याला म्हटलं, पोलीस स्टेशनला जा, त्यांना नाव सांग, नीट पूर्ण सांग. तो म्हणाला, "काकीला..." आणि फोन बंद झाला.

घरातून काकीचा आवाज येत होता. ती आईला चहा पाजत होती, आणि दिवसभरात पहिल्यांदा दरडावत होती. "पी गपगुमान. आता काय रडायचं निमित्त ऱ्हायलंय तुला?"

मी आत गेले. आई भिंतीला पाठ लावून बसली होती, तिच्या तोंडावरचं हसू जात नव्हतं. काकी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. कपाळावरचं पीठ तसंच होतं.

"अगं उजे, अण्णाला फोन केलास का?" काकी म्हणाली. "त्यांचा जीव टांगनीला लागलाय तिथं. गाडी कुठवर गेली असंल? म्हनावं, फिरा मागं."

"करते," मी म्हटलं. फोन हातातच होता. बोट काही हलेना.

"कर की मग. बघत काय ऱ्हायलीस?"

मी अण्णांचं नाव शोधायला लागले. तेवढ्यात काकीच म्हणाली, "थांब."

तिचा हात आईच्या पाठीवर फिरतच होता, पण ती आमच्या दोघींकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती. "मंग ते पोरगं कुनाचं गं?" ती म्हणाली.

आईनं तिच्याकडे बघितलं. "कुठलं?"

"त्या तिकडं दवाखान्यात हाय ते. आपलं न्हवं, चांगलं झालं. पन कुनाचं तरी असंलच न्हवं? आपल्या अवधूतचा फोन त्येच्याकडं कसा गेला, चोरलाबिरला असंल, काय का असंना. त्येला बी आई असंल की. तिला कुनी सांगितलंय का न्हाई अजून? ती बसली असंल निवांत, चूल पेटवून. दिवसभर तिला कायबी ठावं नसंल."

आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं देव जाणे, पण तिचं हसू हळूहळू ओसरत गेलं. ती काही विचारणार होती. मी मानेनंच नको म्हटलं. तिनं काकीकडे बघितलं, परत माझ्याकडे, आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. काकीचं तिकडे लक्षच नव्हतं.

"उजे, मी काय म्हनते," काकी म्हणाली, "गाडी फिरवू नगासा म्हनावं अण्णाला. एवढी गेल्याती तर जावा म्हनावं पुढं. आपलं न्हाई म्हनून काय झालं? अनोळखी मुलखात पडलंय, भाषा न्हाई, मानूस न्हाई. पोलिसाच्या हातात बेवारस ऱ्हायला नगं लेकरू. कुनाचं हाय ते हुडका आणि त्येच्या आईपतूर पोचवा म्हनावं. धनाजी हायच तिथं मदतीला."

मी फोन लावला. अण्णांनी पहिल्याच रिंगला उचलला. गाडीचा आवाज येत होता.

"अण्णा, अवधूतचा फोन आला होता," मी म्हटलं. "तो सुखरूप आहे. मी बोलले त्याच्याशी, आईसुद्धा बोलली."

पलीकडून अण्णांच्या रडण्याचा आवाज आला. तो मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. जगन्नाथशेठनी त्यांच्या हातातून फोन घेतला असावा. "काय सांगतेस पोरी! खरंच? मग वळवतो गाडी. इथंच वळवतो."

"नका वळवू," मी म्हटलं. "तसेच पुढं जा."

"कशाला आता?"

काकी माझ्याकडे बघून मान हलवत होती, शाब्बास म्हणाल्यासारखी. आईनं डोळे मिटून घेतले होते.

"आपल्याच गल्लीत आणायचंय त्याला, शेठ," मी म्हटलं.

आईच्या पाठीवर फिरणारा काकीचा हात थांबला.